लिव्हर परत वाढतं, एवढंच सांगून आम्हाला घरी पाठवू नका

पुण्यात यकृताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व रुग्णालयांची व्यवस्थापनं आणि सर्जन मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शहरातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात यकृताची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी आठवड्यातून एकदा वेगळी ओपीडी चालायची. ती आता बंद झाली आहे. 'या रुग्णांनी यापुढे सर्जरीच्या सर्वसाधारण ओपीडीत दाखवावे' असा कागद केसपेपरच्या खिडकीशेजारी चिकटवलेला आहे. कारण दिलेलं नाही. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळालं की ऑपरेशन होऊन जखम भरलेल्या पेशंटला वेगळी ओपीडी कशाला हवी? हे उत्तर ऐकून गप्प बसणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र. रुग्णालयाचं नाव मुद्दाम घेत नाही. तिथे जे झालं ते कमी-अधिक प्रमाणात इतर ठिकाणीही होतं, आणि मला एकाच दारावर दगड मारायचा नाही.

मी पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घेणं, मशीन लावणं, रिपोर्ट तपासून काढणं हे माझं रोजचं काम. माझा थोरला भाऊ एसटीत चालक होता, आता इंदापूरजवळ गावी असतो. त्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला, तो यकृतात पसरला आणि पुण्यात ऑपरेशन करून यकृताचा उजवा भाग काढला. ऑपरेशन उत्तम झालं. सर्जनच्या हाताबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे. माझी तक्रार त्यानंतरची आहे.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वहिनीला सांगण्यात आलं, "काळजी करू नका, लिव्हर कापलं तरी परत वाढतं. दोन-तीन महिन्यांत पहिल्यासारखं होईल." वहिनीचे डोळे भरून आले. तिने गावी फोन करून सगळ्यांना हेच सांगितलं. डिस्चार्जच्या वेळी पुन्हा हेच. आणि त्यापुढे काहीच नाही.

जे सांगितलं ते खरं आहे, हे मी आधीच मान्य करते. निरोगी यकृताचा दोन-तृतीयांश, कधी त्याहून थोडा जास्त भाग काढला तरी माणूस तगतो आणि उरलेला भाग वाढून जवळजवळ मूळच्या आकारमानाला पोचतो. हिगिन्स आणि अँडरसन यांनी 1931 साली उंदरांवर हे पद्धतशीर दाखवलं आणि त्यांची पद्धत आजही प्रयोगशाळांत वापरली जाते. कापलेला भाग तिथेच पुन्हा उगवत नाही. उरलेला भाग फुगत, पसरत जागा भरून काढतो. माणसात पहिल्या दोन आठवड्यांत ही वाढ सगळ्यांत वेगाने होते, बरीचशी दोन-तीन महिन्यांत पुरी होते आणि राहिलेली वर्षभर हळूहळू चालू राहते.

ही वाढ होते कशी, हे मात्र आम्हाला कोणी सांगत नाही. आतड्यांकडून पोर्टल व्हेनमधून येणारं सगळं रक्त आता उरलेल्या लहानशा भागातून जायला लागतं. त्या ताणाने यकृतातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडू लागतात. इंटरल्यूकिन-6 सारखी द्रव्यं सुटतात, एरवी निवांत असलेल्या यकृतपेशी जाग्या होऊन विभागू लागतात, त्यांना वाढवणारे घटक रक्तात वाढतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. यातला एक प्रमुख घटक हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर. तो ज्या कडीला धरून काम करतो ती मेट नावाची कडी यकृताच्या आणि आतड्याच्या कॅन्सरच्या अनेक पेशींवरही असते. म्हणजे सीटीत न दिसलेल्या, कुठेतरी दबा धरून बसलेल्या चार पेशी उरल्या असतील तर या धामधुमीचा फायदा त्यांनाही मिळू शकतो. प्राण्यांवरच्या अनेक प्रयोगांत यकृताचा मोठा भाग काढल्यावर मागे राहिलेल्या गाठी वेगाने वाढलेल्या दिसल्या. माणसांत चित्र इतकं स्वच्छ नाही. काही अभ्यासांत तसं दिसलं, काहींत फरक आढळला नाही. आजार परत येण्यात गाठीचा मूळ स्वभाव, गाठींची संख्या आणि यकृताची आधीची अवस्था यांचा वाटा मोठा असतो.

त्यामुळे दादाचं लिव्हर वाढलं म्हणून कॅन्सर परत आला, असं मी म्हणत नाही. एका रुग्णाबाबत असं कोणीच म्हणू शकत नाही. ऑपरेशन करायला नको होतं असंही नाही, कारण बरं होण्याची खरी संधी त्यातच होती. माझं म्हणणं एवढंच की ज्या महिन्यांत यकृत वाढत असतं, त्याच काळापासून आजार परत येण्याचा धोकाही सुरू होतो. यकृताचा स्वतःचा कॅन्सर ऑपरेशननंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक, काही अभ्यासांत सत्तर टक्क्यांपर्यंत रुग्णांत परत येतो. आतड्यातून यकृतात आलेल्या गाठी काढल्यावरही निम्म्याहून अधिक जणांत आजार पुन्हा डोकं काढतो, तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांत आणि पुष्कळदा उरलेल्या यकृतातच. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. आम्हाला मात्र फक्त वाढीची गोष्ट सांगितली जाते.

आणि आम्हाला ते झेपत नाही, असं समजू नका. पुढे एका दुसऱ्या डॉक्टरांनी दादाला समजावलं की पिकाला सोडलेलं खत-पाणी तणालाही मिळतं, तसंच हे. दादाने लगेच विचारलं, "मग खुरपणीला किती दिवसांनी यायचं?" नववी शिकलेल्या माणसाला जो प्रश्न दोन मिनिटांत सुचला, त्याचं उत्तर त्याच्या डिस्चार्ज कार्डावर असायला हवं होतं.

ते कार्ड आजही माझ्यासमोर आहे. टाके कधी काढायचे ते आहे. गोळ्या आहेत. 'तेलकट, तिखट वर्ज्य' आहे. सगळ्यांत खाली इंग्रजीत लिहिलंय, 'फॉलोअप एसओएस'. म्हणजे काही त्रास झाला तर या. यकृतातल्या लहान गाठीला त्रास होत नाही, दुखत नाही, ताप येत नाही. त्रास होईपर्यंत थांबायला सांगणं म्हणजे उशीर होईपर्यंत थांबायला सांगणं. सीटी कधी, रक्ताची कोणती तपासणी, किती महिन्यांनी, कोणाला दाखवायची, यातलं एक अक्षरही त्या कार्डावर नाही. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत सहा महिन्यांनी तपासणी, हा काही गुप्त मंत्र नाही. जगभर साधारण हेच पाळलं जातं.

आता माझ्या कामातली गोष्ट, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण हे मी रोज बघते.

यकृताचं ऑपरेशन झालेले लोक लॅबमध्ये येतात आणि म्हणतात, "ताई, लिव्हरचा रिपोर्ट काढायचाय." त्यांना हवी असते एलएफटी, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट. बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी, अल्ब्युमिन. आकडे चौकटीत बसले की चेहरा खुलतो. "नॉर्मल आहे ना? मग झालं." पण एलएफटी फक्त यकृत काम कसं करतंय ते सांगते. आत गाठ आहे की नाही ते सांगत नाही. यकृताची ताकद एवढी मोठी की त्यात चार-पाच गाठी असल्या तरी बिलिरुबिन शून्य पूर्णांक आठ, म्हणजे अगदी नॉर्मल येऊ शकतं. आणि वाढून सावरलेल्या यकृताचा रिपोर्टही नॉर्मल येतो. म्हणजे ज्या वाढीचं कौतुक करून आपण माणसाला घरी पाठवता, तीच वाढ त्याला खोटा दिलासा देत राहते. दादाने गावाकडे अनेक महिने एलएफटीच केली. रिपोर्टचा फोटो वहिनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची आणि खाली सगळ्यांचे हात जोडलेले. दिवाळीला तो पुण्याला आला तेव्हा मी पूर्ण फाईल पाहिली आणि सीईए, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायला करतात ती रक्ताची तपासणी, कुठेच दिसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याचं रक्त घेतलं. पाचच्या आत असायला हवी होती ती सीईए कितीतरी वर गेलेली होती. त्याच रक्ताची एलएफटी पूर्ण नॉर्मल होती. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून पाहत राहिले.

सीटी केला तर वाढलेल्या यकृतात ठिकठिकाणी गाठी. दुसरं ऑपरेशन शक्य नाही, किमो सुरू झाली. लवकर कळलं असतं तर गाठी काढता आल्याच असत्या, असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही, मीही सांगत नाही. पण विचार करायला वेळ राहिला असता. यकृत परत वाढतं याचा रुग्णाला सगळ्यांत मोठा उपयोग हाच की आजार परत आला आणि वेळेवर सापडला, तर काही जणांत पुन्हा ऑपरेशन करता येतं. ही दुसरी संधी निसर्गाने दिलेली आहे. तपासणीच झाली नाही तर ती वाया जाते.

सीईए काय किंवा यकृताच्या कॅन्सरसाठी करतात ती एएफपी काय, यांचेही रिपोर्ट जाणत्या माणसाने वाचावे लागतात. यकृत वाढत असताना एएफपी थोडी वर जाऊ शकते. सिगारेट ओढणाऱ्यांची सीईए मुळातच जरा जास्त असते. काही गाठी हे दोन्ही आकडे वाढवतच नाहीत. एक आकडा पाहून घाबरायचं नसतं आणि एक आकडा पाहून निश्चिंतही व्हायचं नसतं. मागचे सगळे आकडे ओळीने पाहायचे असतात. सर्वसाधारण ओपीडीत दर वेळी वेगळा रेसिडेंट डॉक्टर असतो. त्याच्यासमोर हर्निया, मूळव्याध, गळू यांची रांग असते आणि त्यात हा एक जाड फाईलवाला. त्या बिचाऱ्याने मागची पानं कधी उलटायची? वेगळी ओपीडी हवी ती याचसाठी.

दुसरी गोष्ट, सर्जन आणि किमोचे डॉक्टर यांच्यामधली दरी. पुढचं मेडिकल ऑन्कॉलॉजीवाले बघतील असं सर्जरी विभाग समजत होता. मेडिकल ऑन्कॉलॉजीत दादाचा कागदच पोचला नव्हता. एकाच इमारतीत दोन मजल्यांचं अंतर होतं. तो कागद नेऊन देणं हे नातेवाइकांचं काम आहे, हे तरी कोणी सांगायचं.

जुन्या स्कॅनचंही तसंच. वाढलेलं यकृत आकाराने पहिल्यासारखं राहत नाही. रक्तवाहिन्या सरकतात, कापलेल्या कडेला वेगळंच काहीतरी दिसतं. नवा ठिपका गाठीचा की ऑपरेशनच्या खुणेचा, हे ठरवायला रेडिओलॉजिस्टला आधीचा स्कॅन लागतो, आणि ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी काढलेला एक पायाभूत स्कॅन असला तर फारच बरं. दादाचा असा स्कॅन झालाच नाही. ऑपरेशनआधीची सीडी मागितली तर आज या, उद्या या. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागदपत्रं द्यायची असतात, हे मला ठाऊक होतं म्हणून मी अर्ज लिहून त्यावर पोच घेतली. सीडी मग मिळाली. ज्यांना ठाऊक नाही ते हेलपाटे घालतात. त्याच नियमात कागदपत्रं तीन वर्षं जपायची असं आहे. ज्या आजारावर पाच वर्षं लक्ष ठेवायचं, त्याला तीन वर्षं पुरत नाहीत.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झालं, त्याबद्दल सरकारचे आभार. नंतरच्या सीटीचे पैसे मात्र आमच्याकडून घेतले गेले, आणि ते योजनेत बसतात की नाही हे काउंटरवर कोणी नीट सांगेना. धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अअ खाली निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी दहा-दहा टक्के खाटा राखायच्या असतात आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. ऑपरेशनला हा निधी आठवतो, तपासणीला का आठवत नाही? लाखोंच्या ऑपरेशनचं फलित काही हजारांच्या स्कॅनवाचून वाया जात असेल तर हिशेबानेही ते परवडणारं नाही.

आणि ज्यांना यकृताचाच कॅन्सर झालेला असतो त्यांच्याबद्दलही लिहायला हवं, जरी दादाचा आजार तो नव्हता. त्यांचं यकृत बहुतेकदा आधीच आजारी असतं: हेपॅटायटिस बी, सी, दारू, मधुमेह आणि चरबी. अशा यकृतातून एक गाठ काढली तरी जमीन तीच राहते आणि काही वर्षांनी पूर्ण नवी गाठ होऊ शकते. हेपॅटायटिस बीची गोळी नियमित चालू ठेवली तर हा धोका कमी होतो. पण ऑपरेशन झालं, लिव्हर नवं झालं, आता गोळी कशाला, असं म्हणून ती बंद केलेले लोक मला लॅबमध्ये भेटतात. 2018 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं मोफत मिळतात, हेही त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्याऐवजी शेजारच्यांनी सुचवलेला काढा आणि लिव्हर टॉनिकची बाटली पिशवीत असते. आपण पोकळी ठेवलीत की ती कोणीतरी भरणारच.

माझ्या मागण्या अशा आहेत.

बंद केलेली वेगळी ओपीडी पुन्हा सुरू करा. आठवड्यातून शक्य नसेल तर पंधरा दिवसांतून एकदा, पण ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या डॉक्टरांची. पुण्यात सोलापूर, सातारा, धाराशिव, लातूरकडून माणसं पहाटेची एसटी धरून येतात. त्यांना सर्जन, किमोचे डॉक्टर आणि स्कॅन एकाच दिवशी मिळतील अशी वेळ आखा.

यकृताचा भाग काढलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत एक पान द्या. त्यावर पाच वर्षांच्या तपासण्यांचे महिने छापलेले असावेत आणि समोर रिकामी चौकट असावी. त्यातच ठळक अक्षरांत लिहा की एलएफटी नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही असं नव्हे. कर्करोगाच्या रुग्णाच्या कार्डावर 'एसओएस' हा शब्द लिहिणं बंद करा.

ऑपरेशनआधी नातेवाइकांशी बोलताना दोन्ही बाजू सांगा: यकृत वाढेल, आणि त्याच काळात आजार परत येऊ शकतो म्हणून लक्ष ठेवावं लागेल. किती भाग काढणार, कमी काढून भागेल का, हेही सांगा. घाबरवू नका, पण लपवूही नका.

तपासणीची तारीख चुकलेल्या रुग्णाला फोन जावा. उधारी राहिली तर रुग्णालयाचा फोन वेळेवर येतो, म्हणजे यंत्रणा आहेच.

ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे स्कॅन घरी जातानाच रुग्णाच्या हातात द्या आणि आपल्याकडची प्रत निदान पाच वर्षं ठेवा. यकृत-शस्त्रक्रियेनंतरच्या कोणत्या तपासण्या योजनेतून होतात आणि कोणत्या निर्धन निधीतून होऊ शकतात, हे बिलिंगच्या खिडकीवर मराठीत लावा. राज्याच्या आरोग्य विभागालाही माझी विनंती आहे की या तपासण्या पूर्ण पाच वर्षं योजनेत असतील, असं स्पष्ट परिपत्रक काढावं. या पत्राची प्रत मी धर्मादाय सहआयुक्त कार्यालयातही देत आहे.

शेवटी, दर वर्षी आपल्याकडे यकृताची किती ऑपरेशनं झाली, हे आपण सांगता. त्यातले किती रुग्ण एक वर्षाने आणि दोन वर्षांनी तपासणीला आले आणि कितींचा आजार परत आल्याचं आढळलं, हेही नावं न देता जाहीर करा. कॅन्सरची नोंदणी नव्या रुग्णांची होते, आजार उलटलेल्यांची कुठे वेगळी नोंद राहत नाही. ती ठेवणं आपल्याच हातात आहे.

ज्या रुग्णालयाने ओपीडी बंद केली त्याने एका महिन्यात लेखी उत्तर द्यावं, अशी अपेक्षा आहे. इतर रुग्णालयांनी आपल्याकडे काय व्यवस्था आहे ते कळवलं, तर लॅबमध्ये विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगेन.

कळावे,

आपली,
एका रुग्णाची धाकटी बहीण
धायरी, पुणे